जात न विचारणारे यंत्र

शास्त्राच्या नावाने कोणी तटस्थतेचा दावा केला की मला आपल्या वाङ्मयीन वादांची आठवण होते. दलित साहित्य प्रथम उभे राहिले तेव्हा प्रस्थापित समीक्षेने आपल्याला हेच सांगितले होते. कलेला जात नसते, निकष सार्वत्रिक असतात, त्यांच्यापुढे सारे लेखक सारखे. आपण तेव्हा विचारले की हे निकष कोणी तयार केले, कोणत्या साहित्यावरून तयार केले, आणि त्या साहित्यात आमचे जगणे कोठे होते? आज तोच दावा दुसऱ्या दाराने आत येत आहे. रुग्णालयांत, विमा योजनांत, आरोग्य खात्याच्या कचेऱ्यांत माणसाच्या आजाराचा अंदाज बांधायला संगणकाला शिकवले जात आहे, आणि यंत्राला जात ठाऊक नाही हेच त्याचे सर्वांत मोठे प्रमाणपत्र म्हणून पुढे केले जाते. माणूस पक्षपात करील, यंत्र करणार नाही. मी मराठीचा शिक्षक आहे. वैद्यक किंवा संगणकशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. परंतु एखादी रचना कोणत्या गृहीतावर उभी आहे हे तपासणे समीक्षेचे कामच आहे, आणि अल्गोरिदम हीही अखेर माणसांनी लिहिलेली संहिता आहे.

या विषयावर गेल्या काही वर्षांत पुष्कळ संशोधन झाले. त्यातील बरेचसे नव्या यंत्राच्या कौतुकात खर्ची पडले आहे : यंत्राने अमुक छायाचित्र डॉक्टरांइतक्याच अचूकपणे वाचले, तमुक रोग आधी ओळखला, वगैरे. त्या साऱ्यात मला मूलगामी वाटलेला निबंध एक आहे. तो ऑक्टोबर २०१९ मध्ये 'सायन्स' या अमेरिकन नियतकालिकात आला. झियाद ओबरमायर, ब्रायन पॉवर्स, क्रिस्टीन व्होगेली आणि सेंधिल मुल्लयनाथन हे त्याचे लेखक. आपल्या कार्यकर्त्यांनी आणि विशेषतः विद्यार्थ्यांनी तो समजून घ्यावा म्हणून येथे जरा विस्ताराने सांगतो.

अमेरिकेत अनेक जुनाट व्याधींनी एकाच वेळी ग्रासलेल्या रुग्णांसाठी रुग्णालये खास कार्यक्रम चालवतात. अशा रुग्णाला जादा परिचारिका मिळते, भेटीची वेळ लवकर मिळते, कोणीतरी फोन करून औषधाची चौकशी करते. या जागा मोजक्या असतात. मग त्या कोणाला द्यायच्या? हे ठरवण्यासाठी प्रत्येक रुग्णाला संगणक गुण देतो. ज्यांचे गुण वरच्या शेकडा तीनात बसतात त्यांची नावे कार्यक्रमासाठी आपोआप पुढे येतात. या जातीची साधने त्या देशात दरवर्षी सुमारे २० कोटी लोकांना लावली जातात असा अंदाज त्या निबंधात दिला आहे. म्हणजे हा एखाद्या प्रयोगशाळेतला खेळ नव्हता.

संशोधकांनी एका मोठ्या रुग्णालयातील ६,०७९ काळ्या आणि ४३,५३९ गोऱ्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या. अल्गोरिदमला रुग्णाचा वंश दिलेलाच नव्हता. तरीही सारखेच गुण मिळालेल्या काळ्या आणि गोऱ्या रुग्णांना शेजारी उभे केले, तेव्हा काळा रुग्ण अधिक आजारी निघाला. आपोआप निवड होण्याच्या पायरीवर काळ्या रुग्णाला सरासरी ४.८ जुनाट व्याधी होत्या, गोऱ्याला ३.८. दुसऱ्या शब्दांत, मदतीच्या दारापर्यंत पोचण्यासाठी काळ्या माणसाला गोऱ्यापेक्षा एक आजार जास्त भोगावा लागत होता. निवडल्या जाणाऱ्यांत काळ्यांचे प्रमाण १७.७ टक्के होते. आजारपण हाच निकष धरला असता तर ते ४६.५ टक्के झाले असते.

वंश ठाऊक नसलेल्या यंत्राने हे कसे केले? निबंधाचे खरे मोल या प्रश्नाच्या उत्तरात आहे. यंत्राला कोणी 'हा माणूस किती आजारी आहे' असे विचारलेच नव्हते. त्याला विचारले होते की या माणसावर पुढे किती पैसा खर्च होईल. आजार जास्त तर खर्च जास्त, हे गृहीत. दिसायला किती साधे! पण सारख्याच आजाराच्या काळ्या रुग्णावर वर्षाला गोऱ्यापेक्षा १,८०१ डॉलर कमी खर्च होत होता. यंत्राने मागचा हिशेब पाहिला, पुढचा अंदाज बांधला, आणि तो अंदाज बरोबर होता. सारख्या गुणांच्या काळ्या-गोऱ्या रुग्णांवर पुढे होणारा खर्च जवळजवळ सारखाच निघाला. यंत्र चुकले असते तर ते दुरुस्त करता आले असते. येथे ते अचूक होते, आणि त्या अचूकपणातच अन्याय होता. ज्याच्यावर समाजाने आजवर कमी खर्च केला त्याची गरजच कमी आहे असा निकाल त्याने दिला. वर्षानुवर्षे ज्याला अर्धपोटी ठेवले त्याला भूकच कमी, असे म्हणण्यासारखे हे आहे. गावकुसाबाहेरच्या माणसाला हा युक्तिवाद ओळखीचा वाटावा.

खर्च कमी का होतो, याची कारणे त्या लेखकांनी थोडक्यात दिली आहेत. रुग्णालय दूर असते, जायला वाहन नसते, रजा घेतली की मजुरी बुडते. पण आणखी एक कारण ते देतात आणि ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. डॉक्टर आणि काळा रुग्ण यांच्यामधला अविश्वास. अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे १९३२ पासून १९७२ पर्यंत शेकडो काळ्या पुरुषांचा उपदंश उपचार न करता नुसता 'पाहिला' गेला, आणि तोही सरकारी आरोग्यसेवेकडून. पेनिसिलिन हाती आल्यानंतरही तो तसाच पाहिला गेला. हे ज्या समाजाच्या आठवणीत आहे तो समाज दवाखान्याची पायरी चढताना दोनदा विचार करणारच. उलट बाजूचा पुरावाही आहे. कॅलिफोर्नियातील ओकलंड शहरात मार्सेला ॲल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग २०१९ मध्येच प्रसिद्ध झाला. काळ्या पुरुषांना काळा डॉक्टर भेटला तेव्हा ते प्रतिबंधक तपासण्या करून घ्यायला अधिक संख्येने तयार झाले. रक्त काढणे, सुई टोचणे अशा अंगाला हात लागणाऱ्या तपासण्यांच्या बाबतीत तर हा फरक ठळक होता. डॉक्टरही माणूसच असतो आणि रुग्णही. त्या दोघांत जे घडते तेच पुढे आकडा होऊन संगणकात जाते.

हे सारे एकविसाव्या शतकातले नवे पाप आहे असे कोणी समजू नये. १८८१ मध्ये प्रुडेन्शियल या अमेरिकन विमा कंपनीने काळ्या विमेदारांना सारख्याच हप्त्यात एक तृतीयांश कमी रक्कम द्यायचे ठरवले. पुढे तिचाच संख्याशास्त्रज्ञ फ्रेडरिक हॉफमन याने १८९६ मध्ये एक जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यात मृत्यूचे तक्ते होते, क्षयाचे तक्ते होते, फुप्फुसांची आणि छातीची मापे होती. निष्कर्ष असा की काळे लोक अधिक मरतात ते त्यांच्या वांशिक गुणधर्मांमुळे, परिस्थितीमुळे नव्हे. हॉफमन जन्माने जर्मन. आपण परदेशी असल्याने या प्रश्नात आपल्याला पूर्वग्रह नाही असे त्याने प्रस्तावनेतच सांगून टाकले होते! तटस्थतेचे प्रमाणपत्र स्वतःच स्वतःला देण्याची ही रीत किती जुनी आहे पहा.

त्याला उत्तर दिले ते डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांनी. १८९७ मधील परीक्षणात त्यांनी दाखवले की युरोपातील काही शहरांत गोऱ्यांचे मृत्यूचे प्रमाणही अमेरिकन शहरांतल्या काळ्यांइतकेच किंवा त्याहून अधिक होते. मग तेथे कोणता वंशगुण धरायचा? डु बॉइस एवढ्यावर थांबले नाहीत. फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डात ते घरोघर फिरले, खोल्या मोजल्या, मजुरी विचारली, पाणी आणि संडास कोठे आहेत ते लिहून घेतले, आणि १८९९ मध्ये ग्रंथ सिद्ध केला. १९०६ मध्ये अटलांटा विद्यापीठातून काळ्यांच्या आरोग्यावर त्यांनी आणखी एक अभ्यास काढला. आकडा टाकून देऊन त्यांनी हॉफमनला उत्तर दिले नाही. आकड्याच्या शेजारी त्यांनी घर आणून उभे केले. बाबासाहेबांनी १९४६ साली याच डु बॉइसना पत्र लिहिले आणि निग्रोंच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे गेलेल्या अर्जाची प्रत मागितली. दोन समाजांच्या दुःखाची तुलना आपल्याकडे भाषणात फार होते. त्या दुःखाची मोजदाद करण्याच्या पद्धतीचा अभ्यास मात्र आपण केला नाही.

येथवर वाचून एखादा तरुण मित्र म्हणेल की मग यंत्राला वंश सांगितला असता तर काम झाले असते. तसे नाही, आणि याचाही पुरावा अमेरिकेतच आहे. मूत्रपिंड किती काम करते याचा अंदाज रक्तातील क्रिएटिनिनवरून एका सूत्राने काढतात. १९९९ पासून प्रचारात आलेल्या सूत्रांत रुग्ण काळा असेल तर उत्तर १६ ते २१ टक्क्यांनी वाढवले जात असे. कारण काय, तर काळ्यांचे स्नायू अधिक असतात ही समजूत. रक्त तेच, पण कातडी काळी म्हणून मूत्रपिंड कागदावर निरोगी! परिणामी मूत्रपिंडरोपणाच्या प्रतीक्षायादीत काळ्या रुग्णाचे नाव उशिरा चढे. या गुणकाविरुद्ध आवाज उठवणाऱ्यांत वैद्यकाचे विद्यार्थी पुढे होते, हे आपल्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. २०२१ मध्ये वंशाविना नवे सूत्र आले. २०२३ च्या जानेवारीपासून प्रतीक्षायादीतील काळ्या रुग्णांचा बुडालेला काळ मोजून त्यांना परत देण्यास सुरुवात झाली, आणि पुढच्या वर्षाच्या मार्चपर्यंत १४ हजारांहून अधिक लोकांची जागा त्यामुळे वर सरकली. या चौदा हजारांच्या आधी किती जण वाट पाहतच गेले, त्यांना कोण काय परत देणार?

तेव्हा एका ठिकाणी यंत्राला वंश दिसत नव्हता आणि अन्याय झाला. दुसऱ्या ठिकाणी सूत्रात वंश बसवलेला होता आणि तरीही अन्याय झाला. या दोन उदाहरणांचा एकत्र विचार केला म्हणजे माझे म्हणणे स्पष्ट होईल. मूत्रपिंडाच्या सूत्रात वंशाचा रकाना निर्णय करण्यासाठी वापरला गेला. २०१९ च्या संशोधनात तोच रकाना निर्णयाची झडती घेण्यासाठी वापरला गेला. रुग्णालयाच्या नोंदीत वंश लिहिलेला होता म्हणूनच ओबरमायर आणि मंडळींना यंत्राची चोरी पकडता आली. तो रकाना नसता तर अन्याय झालाच असता, फक्त तो सिद्ध करता आला नसता. निर्णयाच्या कागदावर जात नको. झडतीच्या कागदावर मात्र ती हवीच हवी. आपल्याकडे नेमके उलट चालले आहे.

परंतु त्याआधी या गाजलेल्या निबंधाविषयीही चार शब्द बोलले पाहिजेत, नाहीतर आपण त्याची पूजा करू लागू. लेखकांनी अल्गोरिदम तयार करणाऱ्या कंपनीशी संपर्क साधला. कंपनीने सुमारे ३७ लाख लोकांच्या माहितीवर तोच दोष पडताळून पाहिला, आणि खर्चाबरोबर आजारपणाचाही अंदाज जमेस धरल्यावर हा कल ८४ टक्क्यांनी कमी झाला. काम प्रामाणिक आहे यात शंका नाही. पण येथे संशोधन संपते आणि दुरुस्ती सुरू होते. ज्या व्यवस्थेत आजारी माणसाला मदतीसाठी आधी आपला क्रमांक लागावा लागतो त्या व्यवस्थेला लेखक प्रश्न विचारत नाहीत. मदतीच्या जागा मोजक्याच का, हे विचारत नाहीत. आणि ज्या सहा हजार काळ्या रुग्णांच्या नोंदींवर हे उभे आहे त्यांतील एकाचाही आवाज त्या निबंधात नाही. आपल्याला गुण दिले गेले होते हे तरी त्यांना कोणी सांगितले होते काय? आपल्या चळवळीने साहित्यात ज्या माणसाला केंद्रस्थानी आणले तो येथे अजून तळटीपेतही आलेला नाही.

आता आपल्याकडे येऊ. जात म्हणजे वंश नव्हे, जात कातडीत नसते, हे आधी स्वच्छपणे म्हटले पाहिजे. नाहीतर अमेरिकेतले प्रत्येक अनुमान येथे उतरवून घेण्याचा आळस आपण करू. बोटाला चिमटा लावून रक्तातला प्राणवायू मोजणारा ऑक्सिमीटर काळ्या कातडीवर फसतो असे अमेरिकेतल्या एका अभ्यासाने डिसेंबर २०२० मध्ये दाखवले. यंत्र ठीक आकडा दाखवत असताना रक्तात प्राणवायू धोकादायक इतका कमी असलेल्यांचे प्रमाण गोऱ्यांत ३.६ टक्के आणि काळ्यांत ११.७ टक्के होते. हेच उपकरण घेऊन त्याच वर्षी 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आपल्या आशाताई महाराष्ट्रभर घरोघर गेल्या होत्या. आपल्याकडच्या सावळ्या-काळ्या बोटांचा प्रश्न तेथे आहे, पण तो साऱ्या जातींतल्या काळ्या बोटांचा आहे. जातीचा प्रश्न बोटाच्या आधी, उंबरठ्यावर सुरू होतो.

तो कसा, ते संघमित्रा आचार्य यांनी गुजरात-राजस्थानमधील खेड्यांतल्या दलित मुलांच्या अभ्यासात २०१० मध्ये मांडले आहे. औषध हातावर न ठेवता वरून टाकणे, अंगाला हात न लावता तपासणे, घरात न येता दारातूनच परत जाणे. ज्या मुलाच्या छातीला स्टेथोस्कोप लागलाच नाही त्याच्या केसपेपरवर काय लिहिले जाणार? दोन ओळी. आणि उद्याचे यंत्र त्या दोन ओळींवरून शिकणार. नोंद आखूड म्हणून आजार किरकोळ! संगीता व्यास, पायल हाथी आणि आशिष गुप्ता यांनी २०२२ मध्ये नऊ राज्यांच्या पाहणीवरून दाखवले की उच्चवर्णीय हिंदूंपेक्षा दलितांचे आयुर्मान तीन वर्षांहून अधिक आणि आदिवासींचे चार वर्षांहून अधिक कमी आहे. आणि या फरकाचा निम्म्याहून कमी भाग गरिबीने उलगडतो. उरलेला कशाने उलगडतो ते आपण जाणतो. या पाहणीत महाराष्ट्र नाही. पण पुरोगामी म्हणवणाऱ्या राज्याने एवढ्यावर समाधान मानू नये.

हे त्या तिघांना दाखवता आले, कारण त्या पाहणीत सामाजिक गट विचारलेला होता. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झाले. त्यात आरोग्यखाते काढताना नाव, जन्मतारीख, लिंग, पत्ता लागतो. जात लागत नाही, आणि ते चांगलेच आहे असे आपल्यातील अनेकांना वाटते. मला त्यांची भीती समजते. केसपेपरवर जात लिहिली की रांगेतली वागणूक बदलते, हे सांगायला संशोधकाची गरज नाही. पण जात लिहिली नाही म्हणून ती कळत नाही काय? आडनावाने कळते, वस्तीच्या नावाने कळते, धंद्याने कळते. माणसाला जे कळते ते यंत्राला त्याहून लवकर कळेल. ज्युडी गिचोया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात संगणकाने नुसत्या क्ष-किरण चित्रांवरून रुग्णाचा वंश ओळखला. चित्रे पुसट केली तरी ओळखला. कशावरून ओळखला हे तज्ज्ञ डॉक्टरांनाही सांगता आले नाही. रकाना पुसल्याने माहिती पुसली जात नाही. पुसला जातो तो फक्त पुरावा.

आपल्या शासनाने जात कोठेच नोंदवली नाही असेही नाही. जननी सुरक्षा योजनेत महाराष्ट्रासारख्या राज्यात बाळंतिणीला पैसे द्यायचे तर ती दारिद्र्यरेषेखालची, अनुसूचित जातीची किंवा जमातीची आहे काय हे पाहतात. म्हणजे हजार-पाचशे रुपये देताना जात विचारायची. पण त्या बाईला वेळेवर रक्त मिळाले की नाही, डॉक्टर किती वेळाने आला, हे मोजताना मात्र आपण सारे भारतीय! भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२३ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वे काढली. भेदभाव नसावा हे त्यांत एक तत्त्व आहे. उत्तम. पण भेदभाव झाला की नाही हे कोणत्या रकान्यावरून पाहणार? निथ्या संबशिवन यांनी सहकाऱ्यांबरोबर २०२१ मध्ये केलेल्या अभ्यासात हा इशारा आहे की पाश्चात्त्य न्याय्यतेची मापे भारतात जशीच्या तशी चालणार नाहीत. येथे पुष्कळ माणसे मुळात माहितीतच नसतात.

यंत्र कोणत्या कामाला जुंपले जाते यावरूनही सत्तेची नजर ओळखता येते. आयुष्मान भारत विमा योजना चालवणारे राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण खोटी बिले आणि फसवणूक शोधण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरते. त्याला माझा विरोध नाही. चोर पकडलेच पाहिजेत. परंतु कोणी जास्त घेतले हे यंत्राला विचारता येते, तर कोणाला मिळालेच नाही हेही विचारता येईल. ज्या तालुक्यातून, ज्या वस्तीतून हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी वर्षभरात एकही माणूस आला नाही तेथे हृदये निरोगी आहेत काय? आपल्या राज्यातील योजनेला महात्मा जोतिराव फुल्यांचे नाव आहे. तिच्या दाव्यांच्या कागदांत जो रुग्णालयापर्यंत पोचला तो आहे, जो पोचला नाही तो नाही. उद्या याच कागदांवरून कोठे किती गरज आहे हे यंत्राने ठरवले, तर अमेरिकेत जे झाले ते येथे फुल्यांच्या नावाने होईल.

रकान्याची मागणी करताना त्याचा धोका मात्र लपवता कामा नये. २०१९ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण विधेयकात आरोग्य आणि जात या दोहोंना संवेदनशील माहिती म्हणून वेगळे स्थान होते. २०२३ मध्ये जो कायदा प्रत्यक्षात झाला त्यात हा वर्गच नाही. ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्र सरकारने येत्या जनगणनेत जात मोजण्याचा निर्णय जाहीर केला. माहिती वाढणार आणि तिचे कुंपण मात्र खाली आले आहे. म्हणून जात केसपेपरवर, डॉक्टरच्या डोळ्यांसमोर नको. ती वेगळ्या पाहणीने, नावे काढून, नमुन्यापुरती गोळा व्हावी. ती यंत्र चालवणाऱ्याच्या हाती नसावी, यंत्राची झडती घेणाऱ्याच्या हाती असावी. आणि झडती घेणाऱ्यांत ज्यांच्यावर यंत्र चालते त्या समाजाची माणसे असावीत. प्राध्यापकांची समिती नेमून हे भागणार नाही.

या बाबतीत आपल्याला एक जुना धागा उचलता येण्याजोगा आहे. ओकलंडमध्ये १९६६ साली ब्लॅक पँथर पक्ष स्थापन झाला. त्याच्यावरून १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. पण त्या पक्षाने गावोगाव मोफत दवाखाने काढले होते, १९७१ पासून सिकल सेलच्या तपासणीची मोहीम चालवली होती, आणि १९७२ मध्ये आपल्या दहा कलमी कार्यक्रमात मोफत आरोग्यसेवेची मागणी घातली होती, हे आपण फारसे वाचले नाही. माझ्या मते आपण पँथरची डरकाळी घेतली आणि तिचा दवाखाना तेथेच ठेवला. वास्तविक सिकल सेल हा विदर्भातला आपला आजार आहे. तो आदिवासींत आहे तसाच पूर्वाश्रमीच्या महारांत आणि इतर जातींतही आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकल सेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. चाळीस वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट. रक्त तपासायचे, कार्ड द्यायचे, नोंद संगणकात घालायची. काम आवश्यक आहे. पण अमेरिकेत १९७० नंतरच्या दशकात अशीच तपासणी अनेक राज्यांनी कायद्याने लादली तेव्हा काय झाले तेही पाहिले पाहिजे. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे, तो धडधाकट असतो; तरी वाहकांना नोकऱ्या आणि विमा नाकारला गेला, आणि तेथील हवाई दलाच्या अकादमीचे दार वाहकांसाठी १९८१ पर्यंत बंद होते.

नागपूर, चंद्रपूर, गडचिरोलीकडील आपल्या शिक्षकांनी आणि कार्यकर्त्यांनी तपासणीच्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जरूर जावे. ही नोंद कोणाच्या संगणकात जाते, ती विमा कंपनीला किंवा नोकरी देणाऱ्याला दिसू शकते काय, तिच्यावर पुढे कोणते यंत्र शिकवले जाणार आहे, हे लेखी विचारावे आणि उत्तराची प्रत मागून घ्यावी. आणि कार्ड हातात घेऊन बाहेर पडणाऱ्या, वाचता न येणाऱ्या बाईला थांबवून विचारावे की तुझी पोरगी आजारी आहे की नुसती वाहक आहे, हे तुला आत कोणी समजावून सांगितले काय.